पाच दिवसांत सुझोऊ बघायचं, पण कोणी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ३७, चाकणजवळच्या एका परदेशी ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. कंपनीने दोन वर्षांसाठी चीनमधल्या सुझोऊच्या कारखान्यात जाल का, असं विचारलं आहे. होकार देण्याआधी पाच दिवस तिथे राहून शहर बघून येण्याचा खर्चही कंपनी करणार आहे. पत्नी पुण्यात बँकेत अधिकारी, मुलगी दुसरीत, घर शाकाहारी. वाचकाचा बेत असा : ऑक्टोबरच्या शेवटी हवा छान असते, तेव्हा एकट्याने जाऊन यायचं, शहर ‘राहण्यासारखं’ आहे का बघायचं, परदेशी मंडळी राहतात त्या तळ्याकाठच्या भागात एखादा फ्लॅट हेरून ठेवायचा आणि एप्रिलमध्ये सगळ्यांनी एकदम जायचं. ‘बायकोला तिथे काहीतरी काम मिळेलच,’ असंही त्यांनी लिहिलं आहे. प्रश्न : पाच दिवस पुरतील का, आणि त्यात नेमकं काय बघावं?

पाच दिवस पुरतात. फक्त ते तुम्ही एकट्याने वापरायचे नाहीत.

तिथे गेल्यावर तुमचा दिवस कसा असेल याचा अंदाज तुम्हाला आत्ताही आहे. सकाळी कंपनीची बस, कारखान्यात इंग्रजी समजणारे चार सहकारी, दुपारी कॅन्टीन, अडलं की एचआर. भाजीवालीशी, घरमालकाशी, शाळेच्या गेटवरच्या रखवालदाराशी आणि भर दुपारी बंद पडलेल्या गीझरशी गाठ पडणार ती तुमच्या पत्नीची. कारखाना तुमच्या वाट्याला, शहर त्यांच्या वाट्याला. मग ते शहर बघून ‘चालेल’ असं तुम्ही एकट्याने कसं सांगणार? कंपनीला सरळ विचारा, की या भेटीत पत्नीचं तिकीट बसतं का. बऱ्याच कंपन्या देतात, पण आपणहून सांगत नाहीत. नाही म्हणाले तर ते तिकीट खिशातून काढा आणि मुलीला आठवडाभर आजीकडे ठेवा. सहा महिन्यांनी वैतागून अर्ध्यावर परत यावं लागलं, तर त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

व्हिसा दोघांनाही लागेल. चीनने अनेक देशांना व्हिसाशिवाय प्रवेश दिलाय आणि ५५ देशांच्या नागरिकांना २४० तासांचा ट्रान्झिट, म्हणजे पुढच्या प्रवासाच्या वाटेवर व्हिसाशिवाय मुक्काम, मिळतो, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या याद्यांमध्ये भारत नाही. तुम्हाला तिथल्या कंपनीच्या आमंत्रणपत्रावर एम म्हणजे व्यावसायिक भेटीचा व्हिसा मिळेल, पत्नीला एल म्हणजे पर्यटनाचा. या भेटीत कारखान्यात फेरफटका, ओळखी, बैठक एवढं चालतं. ‘आलाच आहात तर जरा लाइनवर उभे राहा,’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा, एम व्हिसावर प्रत्यक्ष नोकरीचं काम करता येत नाही.

आता पत्त्याकडे या, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या पत्रात फक्त ‘सुझोऊ’ असं लिहिलं आहे. २०२० च्या जनगणनेत सुझोऊची लोकसंख्या सव्वा कोटीच्या पुढे होती, पण त्यात कुनशान, ताय्‌त्सांग, चांगशू आणि झांगजियागांग ही चार वेगळी शहरंही मोजलेली आहेत. प्रशासनाच्या दृष्टीने ती सुझोऊच्या हाताखाली येतात, म्हणून कंपन्यांच्या ऑफर लेटरवर बिनधास्त ‘सुझोऊ’ छापलेलं असतं. कारखाना चांगशूला किंवा झांगजियागांगला निघाला, तर सुझोऊच्या तळ्याकाठी राहून रोज जाणं-येणं विसराच. मुख्य शहरातही पूर्वेला १९९४ मध्ये सिंगापूरच्या भागीदारीत उभं राहिलेलं इंडस्ट्रियल पार्क, पश्चिमेला हायटेक झोन, मध्ये जुनं गूसू आणि दक्षिणेला दूरवर पसरलेलं वूजियांग, अशी टोकं आहेत. एचआरकडून कारखान्याचा पूर्ण पत्ता चिनी लिपीत मागून घ्या, जिल्ह्याच्या नावासकट. तो मिळाल्याशिवाय एकही फ्लॅट बघू नका.

याच नावाचा आणखी एक चकवा आहे. शेजारच्या आनह्वेइ प्रांतात रोमन लिपीत अगदी असंच लिहिलं जाणारं दुसरं शहर आहे, आणि तेही बीजिंग-शांघाय हायस्पीड मार्गावरच. इंग्रजी अॅपमध्ये तिकीट काढताना प्रांत जियांगसूच आहे ना, हे बघा. शांघायच्या होंगछियाओ स्टेशनवरून तुमच्या सुझोऊला साधारण अर्धा तास लागतो. दोन-अडीच तासांचा प्रवास दिसला तर तिकीट चुकीच्या सुझोऊचं आहे.

सुझोऊला स्वतःचा विमानतळ नाही. तुम्ही बहुधा शांघायच्या पुडोंगला उतराल. तिथून होंगछियाओला जाणारी विमानतळ जोड रेल्वे डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, ती सुमारे ४० मिनिटांत नेते. पुढे हायस्पीड गाडी. उतरायचं स्टेशन मुक्कामाच्या जागेवरून ठरवा : जुन्या शहरासाठी सुझोऊ, इंडस्ट्रियल पार्कसाठी सुझोऊ युआनछू. सुझोऊ उत्तर हे स्टेशन शहराच्या उत्तर टोकाला आहे. रात्री उशिरा उतरणार असाल तर त्या रात्री शांघायलाच मुक्काम केलेला बरा, कारण मेट्रो आणि शेवटच्या गाड्या रात्री लवकर आटपतात.

पाच दिवसांत काय बघायचं, तर एक साधा कामाचा आठवडा. चोचंग बाग, फिंगजियांग रस्ता, कालव्यातली होडी हे सगळं जगप्रसिद्ध आहे आणि ते कुठे पळून जात नाही. राहायला गेलात की रविवारी बघालच. या वेळी हॉटेल मात्र कंपनीने सुचवलेलं झगमगीत नको. जिथे घर घ्यायचा विचार आहे त्याच भागात, मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं घ्या. सोमवारी सकाळी सातला खाली उतरा आणि तिथून कारखान्यापर्यंत जा, कंपनीच्या गाडीने नाही. मेट्रो, पुढे बस किंवा भाड्याची सायकल, जे रोज करावं लागेल ते. घड्याळ लावा. संध्याकाळी सहाला तोच रस्ता उलटा. मेट्रोत प्रत्येक प्रवेशाला सामान स्कॅनरमधून जातं, गर्दीच्या वेळी तिथेही रांग लागते, तीही वेळेत धरा. गाडी चालवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. भारतीय लायसन्सही चालत नाही आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही. तिथली लेखी परीक्षा देऊन स्थानिक लायसन्स घ्यावं लागतं.

तोवर तुमच्या पत्नीने काय करायचं? सकाळी आठला जवळची मंडई. मॉल नाही, मंडई, कारण ताजी भाजी तिथे मिळते आणि भाव चिनीत सांगितले जातात. एक किलो टोमॅटो, आलं, कोथिंबीर आणि अर्धा डझन अंडी (खात असाल तर) एकटीने घेऊन यायची. मग औषधांच्या दुकानात जाऊन तापाची गोळी. मग मुलीच्या संभाव्य शाळेपर्यंत चालत. दुपारी घरी, म्हणजे हॉटेलवर, आणि तिथून अॅपवर पाण्याच्या बाटल्या मागवायच्या. या सगळ्याला किती वेळ लागला, कुठे रडू आलं आणि कुठे गंमत वाटली, हे त्यांनी रात्री सांगायचं. तुमच्या निर्णयातला अर्धा भाग त्या उत्तरात असेल. शहर वाईट निघेल अशी भीती बाळगू नका. सुझोऊ स्वच्छ आहे, रात्री अकराला बाई एकटी फिरू शकते, फुटपाथ रुंद आहेत. त्यावरून मागून आवाज न करता येणाऱ्या विजेच्या स्कूटर्स तेवढ्या सांभाळायच्या, मुलीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

फोनची तयारी पुण्यातूनच करायची, आणि हा भाग भारतीयांना इतरांपेक्षा अवघड जातो. चीनमध्ये पैसे देणं, टॅक्सी, वीजबिल, शाळेचे निरोप सगळं वीचॅट आणि अलीपेवर चालतं. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे इथल्या अॅप स्टोअरवर ते सापडणार नाही. अलीपे सापडतं का, तेही आधीच बघा. आयफोनवर न सापडणारं अॅप मिळायला अकाउंटचा देश बदलावा लागतो. अँड्रॉइडवर तिथे पोचल्यावर अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावं लागतं, कारण गुगल प्ले तिथे उघडत नाही. वीचॅटचं नवं खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून हमी द्यावी लागू शकते. तिथल्या एचआरमधल्या कोणाला तरी पहिल्या दिवशी अर्धा तास मागून ठेवा. अलीपेला भारतीय बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. त्यासाठी कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करा, आणि ओटीपी येण्यासाठी भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा. ओटीपी न आल्यामुळे विमानतळावर अडकणारे पुष्कळ असतात. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला जादा शुल्क नाही, त्यावरच्या रकमेला ३ टक्के पडतं, म्हणून हॉटेलचं बिल थेट कार्डाने भरा. शिवाय हजार-दीड हजार युआन रोख जवळ असू द्या. पुण्यातल्या परकीय चलनवाल्याला दोन-तीन दिवस आधी सांगावं लागतं.

व्हॉट्सअॅप, जीमेल, गुगल मॅप्स हॉटेलच्या वायफायवर किंवा चिनी सिमवर उघडत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र सहसा चालतात, कारण तो डेटा मूळ नेटवर्कमार्गे फिरून येतो. पाच दिवसांपुरतं ते पुरेल, दोन वर्षांसाठी नाही. आजी-आजोबांशी रोजचा व्हिडिओ कॉल कशावर करायचा, हे कंपनीच्या आयटी विभागाला आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या भारतीयांना याच भेटीत विचारा.

घराबाबत तुमचं एक गृहीतक तपासायला हवं. जिन्जी सरोवराच्या काठचा भाग सुंदर आहे, इंग्रजी पाट्या आहेत, परदेशी शाळा आणि दवाखाने जवळ आहेत, भाडंही त्या मानाने आहे. कारखाना इंडस्ट्रियल पार्कमध्ये असेल तर तो पर्याय रास्त. कारखाना पश्चिमेच्या हायटेक झोनमध्ये असेल, तर रोज अख्खं शहर ओलांडायला लागेल. परदेशी लोक तिथे राहतात याचं कारण बहुतेकांच्या मुलांची शाळा तिथे आहे. तुमच्या घरी ते कारण लागू पडतं का, हे शाळा ठरल्यावर कळेल. म्हणून आधी शाळा, मग घर. शांघायला राहून रोज ये-जा करण्याचा सल्लाही कोणी देईल. दोन्ही शहरांच्या मेट्रो जून २०२३ पासून ह्वाछियाओ स्टेशनात एकमेकींना मिळतात हे खरं, पण शांघायच्या मध्यभागापासून इंडस्ट्रियल पार्कपर्यंत मेट्रोने दोन तासांच्या वर जातात. तो मार्ग हौसेचा, नोकरीचा नाही.

आणि ऑक्टोबर? ऑक्टोबरअखेर सुझोऊ जसं दिसतं, तसं ते वर्षाचे जेमतेम दोन-अडीच महिने असतं. घराची खरी परीक्षा जानेवारीत आणि जूनच्या उत्तरार्धात होते. चीनमध्ये छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला इमारतींना सरकारी केंद्रीय हीटिंग आहे. सुझोऊ त्या रेषेच्या दक्षिणेला येतं, म्हणजे हीटिंग नाही. जानेवारीत दिवसा सात-आठ अंश, रात्री शून्याच्या आसपास आणि हवेत ओल, त्यामुळे घरात बाहेरपेक्षा जास्त गारठा वाटतो. भिंतीवरचा एसी गरम हवा वर फेकतो, पाय गारच राहतात. मग मध्य जूनपासून जुलैच्या पूर्वार्धापर्यंत मेइयूचा, म्हणजे आलुबुखार पिकण्याच्या दिवसांतला पाऊस. तो अधूनमधून कोसळतो, एरवी नुसता रेंगाळतो, आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी धरते. आषाढातल्या कोकणातल्या घरासारखं, फक्त खिडक्या घट्ट बंद असलेलं.

म्हणून भेट जानेवारीत ठेवता आली तर ठेवा. चिनी नववर्षाच्या आधीचे आणि नंतरचे दोन आठवडे मात्र टाळा, तेव्हा एजंट गावी गेलेले असतात. ऑक्टोबर अटळ असेल, तर १ ते ७ तारखेची राष्ट्रीय सुट्टी सोडून जा आणि फ्लॅटमध्ये शिरल्यावर पुढच्या गोष्टी हाताने तपासा. दक्षिणेकडे तोंड आहे का : उत्तरेच्या खोलीत हिवाळाभर ऊन येत नाही. फरशीखालचं हीटिंग आहे का, ते विजेवर की गॅसवर, आणि गेल्या जानेवारीचं बिल किती आलं. खिडकीची काच दुहेरी आहे का. कपाट भिंतीपासून वीतभर ओढा आणि मागे बघा. नवा रंग फक्त एकाच कोपऱ्यात मारलेला दिसला, तर तिथे बुरशी होती असं समजा. तळमजला आणि पहिला मजला शक्यतो नको. गरम पाण्याचा गीझर विजेचा साठवणीचा असेल, तर किती लिटरचा ते वाचा. तिघांच्या आंघोळी एकापाठोपाठ होणार असतील तर ४० लिटर कमी पडतात, गॅसचा गीझर बरा. वॉशिंग मशीन असतं, ड्रायर नसतो, तेव्हा कपडे वाळत कुठे घालायचे ते बघा. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहे की नुसती इंडक्शन : आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. वीज २२० व्होल्टच आहे, त्यामुळे मिक्सर चालतो, पण आपले गोल पिनांचे प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. मिक्सरसाठी जाड, अर्थिंगवाला अ‍ॅडॅप्टर घ्या. प्रवासातला नाजूक अ‍ॅडॅप्टर त्या भाराने वितळतो.

करारात साधारण एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात, म्हणजे एका फटक्यात चार महिन्यांचे पैसे. ही रक्कम सुरुवातीला कंपनी देणार की तुम्ही, हे आधी ठरवा. घरमालकाची मालकीची कागदपत्रं आणि ओळखपत्र बघा, दोन्हीवरचं नाव जुळलं पाहिजे, आणि त्यांच्या प्रती घ्या. पोलिस नोंदणीला त्या लागतात. ही नोंदणी घरात राहायला गेल्यापासून २४ तासांत करावी लागते, हॉटेलात ती हॉटेलवालेच करतात. भाड्याची फापियाओ, म्हणजे सरकारी कर पावती, देणार का हे विचारा. ती नसेल तर बऱ्याच कंपन्या भाडं परत देत नाहीत, आणि ती देण्यासाठी मालक भाडं थोडं वाढवून मागतो. कंपनीने मुदतीआधी परत बोलावलं तर एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर अनामत परत मिळेल, असं कलम लिहून घ्या. न लिहिल्यास अनामत गेली म्हणायची. या भेटीत फ्लॅट पक्का मात्र करू नका. फ्लॅट बघायचे ते डोळे तयार करण्यासाठी. प्रत्यक्ष गेल्यावर घर पक्कं होईपर्यंत सर्व्हिस अपार्टमेंट कंपनीकडून मागा.

शाकाहाराची काळजी तुम्ही थोडी चुकीच्या जागी करता आहात. घरच्या स्वयंपाकाला अडचण फार नाही : कोथिंबीर, आलं, मिरच्या, वांगी, कारली, भेंडी, पालक, दुधी सगळं मिळतं, जिरं आणि हळद मिळतात, अख्खे मूग कुठल्याही दुकानात असतात. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, गोडा मसाला नेहमीच्या बाजारात नसतात. कणीक म्हणून जे मिळतं ते बहुतेक मैद्याच्या अंगाने जाणारं, त्याच्या पोळ्या चिवट होतात. आपल्यासारखा आटा ऑनलाइन किंवा शांघायच्या भारतीय किराणा दुकानातून मागवतात. सामान भरताना एक लक्षात ठेवा, दुग्धजन्य पदार्थ, ताजी फळं-भाज्या आणि बी-बियाणं प्रवाशाच्या बॅगेतून न्यायला चिनी कस्टम्सची मनाई आहे. साजूक तूप, पेढे, कढीपत्त्याची जुडी ही आईने प्रेमाने भरलेली पिशवी विमानतळावरच जप्त होते.

अडचण आहे ती बाहेर खाण्यात. ‘मांस नको’ म्हटलं की ताटातले मांसाचे तुकडे जातात, डुकराची चरबी, चिकन पावडर, ऑयस्टर सॉस आणि हाडांचा रस्सा राहतो. सुझोऊच्या प्रसिद्ध नूडल्सचा रस्सा तर त्यावरच उभा आहे. मांस, मासे, अंडी आणि या चारही गोष्टी नको, असं चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड सहकाऱ्याकडून करून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. त्यात कांदा-लसूण चालतो हेही लिहा, नाहीतर बौद्ध पद्धतीचं, कांदा-लसूणही नसलेलं जेवण पुढे येईल. ते वाईट नसतं म्हणा. शीयुआन मंदिरातल्या साध्या शाकाहारी नूडल्ससाठी सुझोऊची माणसंही येतात, एक जेवण तिथे कराच. मुलीच्या शाळेत डब्याला परवानगी आहे का आणि तो गरम करून देतात का, हा प्रश्न विसरू नका.

शाळेचं गणित वेगळं बसतं. सुझोऊतल्या इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला दोन लाख युआनच्या आसपास किंवा वर जाते, म्हणजे पंचवीस लाख रुपये धरून चाला. हे कंपनीने द्यायला हवं, पगारातून भागणार नाही. परदेशी कर्मचाऱ्याला मिळणारा मुलांच्या शिक्षणाचा आणि घरभाड्याचा भत्ता करमुक्त ठेवण्याची सवलत चीनने २०२७ अखेरपर्यंत वाढवली आहे, पण ती पावत्यांवर मिळते. म्हणून पगाराच्या आकड्यात ‘सगळं धरून’ असं मोघम न घेता हे दोन भत्ते वेगळे लिहून मागा. वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. एप्रिलमध्ये मुलीला नेलंत तर ती वर्ष संपत आलेल्या वर्गात दोन महिने बसेल, मग सुट्टी, आणि लगेच मेइयूचा चिकट पाऊस. ऑगस्टच्या सुरुवातीला नेणं तिला सोपं जाईल.

पत्नीच्या कामाबद्दल मात्र गैरसमज राहू देऊ नका. तुमच्या नोकरीच्या आधारावर त्यांना एस१, म्हणजे कुटुंबीयांचा व्हिसा आणि पुढे रहिवास परवाना मिळेल, त्यावर तिथे नोकरी करता येत नाही. नोकरी हवी तर एखाद्या चिनी कंपनीने त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्क परमिट काढावं लागेल, आणि चिनी न येणाऱ्या बँक अधिकाऱ्यासाठी ते कोणी सहज काढणार नाही. घरात बसून भारतातलं काम करणं हाही बिनधोक मार्ग नाही, त्याबद्दल जाणकाराचा लेखी सल्ला घ्या. म्हणजे खरा प्रश्न असा, की त्यांची बँक दोन वर्षांची बिनपगारी रजा देते का, तेवढ्याने बढतीचं किती नुकसान होतं, आणि हा खड्डा घरखर्चात कसा भरायचा. ‘काहीतरी मिळेलच’ या दोन शब्दांत त्यांची पंधरा वर्षांची नोकरी मावत नाही.

कागदपत्रांना दोन-तीन महिने लागतात, आणि आपल्याकडे ती अडतात ती नावावर. पासपोर्टवर ‘स्वतःचं नाव, वडिलांचं नाव’ आणि आडनाव वेगळं. विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी, काही वेळा आईचंही नाव. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. चिनी अधिकारी अक्षर-अक्षर जुळवून बघतो. सगळे कागद आजच एका टेबलावर मांडा, फरक असेल तर आवश्यक ते प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि एचआरला आधी कळवा. तिथे गेल्यावर सिम, बँक आणि अलीपे या तिन्ही ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने आणि तेवढ्याच मोकळ्या जागा ठेवून टाइप झालंय का बघा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गळलं की खातं पडताळलं जात नाही.

पदवी, पोलिस क्लिअरन्स, लग्नाचा आणि जन्माचा दाखला हे सगळं परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि नंतर चिनी वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यायचं. पदवीला त्याआधी राज्य पातळीवरचा शिक्का लागतो. इथे एजंट सर्रास चूक करतात. अपोस्टिल म्हणजे वकिलातीच्या शिक्क्याशिवाय कागद परदेशात चालावेत म्हणून दिलेलं प्रमाणपत्र. चीन नोव्हेंबर २०२३ पासून त्या करारात आहे, म्हणून ते अपोस्टिल करून देतात. पण भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही. तुम्हाला साधं अटेस्टेशन आणि वकिलातीचा शिक्का हवा, हे लेखी सांगा. पोलिस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी काढा, कारण तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. वर्क परमिटचं पत्र आलं की झेड, म्हणजे नोकरीचा व्हिसा, आणि त्यावर चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांत रहिवास परवान्याचा अर्ज. परवाना होईपर्यंत पासपोर्ट तिथल्या अधिकाऱ्यांकडे राहतो, देशाबाहेर जाता येत नाही. घरातलं लग्नकार्य त्या सहा आठवड्यांत येत नाही ना, बघा.

पर्याय तुमच्यापुढे तीन दिसतात. सगळ्यांनी एप्रिलमध्ये एकदम जाणं हा त्यातला सर्वांत दगदगीचा. तुम्ही एकट्याने दोन वर्षं काढणं हा पैशाच्या दृष्टीने सर्वांत सोपा, पण सात वर्षांच्या मुलीची दोन वर्षं ही तिच्या आयुष्याच्या पावपट आहेत. माझा कौल तिसऱ्याला : आत्ता दोघांनी बघून यायचं, तुम्ही एप्रिलमध्ये पुढे जायचं, सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहून वर्क परमिट, बँक, शाळेतला प्रवेश उरकायचा, जूनच्या पावसात दोन-तीन घरांच्या भिंती बघून घर पक्कं करायचं, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोघींनी यायचं. त्यांच्या एस१ व्हिसाला तुमच्या रहिवास परवान्याची प्रत लागतेच, त्यामुळे हा क्रम कागदांनाही सोयीचा. पत्नी भेटीनंतर नाही म्हणाल्या, तर त्या नकाराला तुमच्या होकाराइतकंच वजन द्या आणि कंपनीकडे वर्षभराच्या, तिमाहीला एकदा घरी येण्याच्या व्यवस्थेबद्दल बोला.

एचआरला या आठवड्यात एकच मेल पाठवा : कारखान्याचा चिनी लिपीतला पत्ता, भेटीत पत्नीचं तिकीट, घराचे आणि शाळेचे वेगळे भत्ते, अनामत कोण भरणार, पगार भारतातून की चीनमधून. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. पण चिनी पगारपत्रकावर गेलात, की तिथल्या सामाजिक विम्यासाठी तुमच्या पगारातून, कमाल मर्यादेपर्यंत, सुमारे साडेदहा टक्के कापले जातात. त्यातला स्वतःच्या पेन्शन खात्यातला भाग देश सोडताना परत मागता येतो, तो अर्ज करायला कोणी आठवण करत नाही. इकडचा पीएफ त्या काळात चालू राहणार का, याचंही उत्तर त्याच मेलमध्ये मागा.